देवीचं तळं आणि सरकारचा नळ

कारंज ऋषींना दुर्धर व्याधी जडली, त्यांनी अंबामातेचा धावा केला आणि तिने त्यांच्या आंघोळीसाठी तळं निर्माण केलं, अशी कारंजा लाडची आख्यायिका. ना अंदाजपत्रक, ना निविदा, ना तांत्रिक मंजुरी! ऋषी बरे झाले म्हणून निभावलं, नाहीतर चौकशी लागली असती.

आता काम रीतसर चालतं. १५ ऑगस्ट २०१९ ला जलजीवन मिशन जाहीर झालं: २०२४ पर्यंत खेड्यात घरोघरी नळ, माणशी रोज ५५ लिटर. मुदत पुढे २०२८ वर गेली. तहानेला मात्र मुदतवाढ मिळालेली नाही. नळ आले की गल्लीत टिल्लू पंपांची घरघर सुरू होते. ज्याचा पंप दांडगा त्याचे ड्रम भरतात, टोकाच्या घरात तोटी नुसती फुसफुसते. कागदावर तीही जोडणीच.

संडासांचं म्हणाल, तर राज्याचा ग्रामीण भाग एप्रिल २०१८ मध्येच हागणदारीमुक्त जाहीर झाला. फक्त भांड्यात ओतायचं पाणी कुठून आणायचं, ते जाहीर व्हायचं राहिलं. मग कुणी संडासात तुराट्या रचतं, कुणी कुटाराची पोती; पावसाळ्यात इतकी कोरडी जागा गावात दुसरी नाही. "वावरात एका डब्यात भागते, संडासाले बकिट लागते," हा गावातल्या एका म्हातारीचा हिशेब अजून कुठल्या अभियंत्याने खोडलेला नाही.