मुका 'के' : पाळावा कसा, राखावा कसा

(घरगुती वापरासाठी माहितीपुस्तिका)

आधी खुलासा

शीर्षकातला 'मुका' हा शब्द 'न बोलणारा' एवढ्याच अर्थानं घ्यावा. दुसऱ्या अर्थाच्या आशेनं आलेल्या वाचकांनी इथूनच परत फिरावं. गैरसमजाला लेखक जबाबदार नाही.

ओळख

इंग्रजीत शब्दाच्या तोंडाशी 'के' आणि त्याला लागून 'एन' आला, की 'के' गप्प बसतो. चाकूचा नाईफ, गुडघ्याची नी, दार ठोठावण्याचं नॉक, गाठीचा नॉट, विणण्याचं निट, जाणण्याचं नो आणि सरदाराचा नाइट, या सगळ्यांच्या दारात तो उभा असतो, पण हूं की चूं करत नाही. लग्नपत्रिकेत ज्यांचं नाव पहिलं छापावं लागतं ते थोरले काका आठवा. कार्यात ते एका खुर्चीत बसून असतात, काही करत नाहीत, काही बोलत नाहीत. पण पत्रिकेत त्यांचं नाव गाळून पाहा, म्हणजे कळेल.

पायरी १ : पाठांतर

आमचं इंग्रजी पाचवीत सुरू झालं. सगळा वर्ग एका सुरात ओरडायचा, "के एन आय एफ ई नाईफ, नाईफ म्हणजे चाकू!" त्या कल्लोळात सगळं खपून जायचं. एकदा मात्र एकट्यानं उभं राहून वाचायची पाळी आली आणि मी खणखणीत आवाजात 'क्नाइफ' वाचलं.

"हा 'क' कुठून काढलास?" बाईंनी विचारलं.

मी पुस्तकात बोट ठेवून दाखवला.

"तो आहे, पण सायलेंट आहे."

"मग कशाला आहे, बाई?"

"स्पेलिंगसाठी," बाई म्हणाल्या आणि पुढच्या मुलाकडे वळल्या.

या उत्तरावर आजवर कुणालाही अपील करता आलेलं नाही. म्हणून वापरकर्त्यांनी आमच्या आळीतल्या थोरल्या पोरांची पद्धत अवलंबावी. नॉलेजचं स्पेलिंग घोकताना ती 'क-नो-व-लेड-गे' असं म्हणायची. मनात क-नो-व-लेड-गे, ओठांवर नॉलेज. मनात एक आणि ओठांवर दुसरं ही कला ज्यांना कचेरीत वरिष्ठांसमोर जमते, त्यांना इंग्रजी स्पेलिंग जड जाऊ नये.

पायरी २ : कुळाचार तपासा

मुका 'के' जन्मतः मुका नव्हता. जुन्या इंग्रजीत तो स्वच्छ बोलायचा, फक्त तेव्हा 'सी' अक्षरानं लिहीत. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. पुढे फ्रेंच वळणाच्या लेखनिकांच्या हाताखाली त्या 'सी'च्या जागी 'के' आला. १४०० साली वारलेल्या चॉसर कवीच्या काळात नाइट हा शब्द साधारण 'क्निख्त' असा उच्चारला जाई. १४७६ साली विल्यम कॅक्स्टननं वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला आणि स्पेलिंगं हळूहळू शिशाच्या खिळ्यांत घट्ट होत गेली. सतराव्या शतकाच्या सुमारास इंग्रजांच्या तोंडून 'क' गळाला, छापलेल्या पानावरून मात्र गळाला नाही. एखाद्या घरी आजोबा जातात आणि दिवाणखान्यात त्यांचा हार घातलेला फोटो राहतो, तसं हे आहे. फोटो बोलत नाही आणि उतरवायचं धाडस कुणी करत नाही.

खात्री करायची असेल तर जर्मन भाऊबंदांकडे जावं. तिकडे गुडघ्याला आजही 'क्नी' म्हणतात. आपण सुपाच्या पाकिटावर जे नाव 'नॉर' असं वाचतो, ती कंपनी १८३८ साली जर्मनीतल्या हाइलब्रॉन गावी सुरू झाली. तिथले लोक तेच नाव 'क्नोर' असं म्हणतात. म्हणजे पाचवीतलं माझं 'क्नाइफ' मुळीच चूक नव्हतं. त्याला फक्त तीन-चारशे वर्षं उशीर झाला होता.

पायरी ३ : एका घरातली दोन पोरं ओळखा

नाइट आणि नेव्ह या दोघांनाही मुका 'के' लागतो आणि जुन्या इंग्रजीत दोन्ही शब्दांचा अर्थ होता पोरगा. हाताखाली काम करणारा पोऱ्या, असं म्हणा. पैकी पहिल्यानं राजाची चाकरी धरली, घोडा मिळवला आणि तो सरदार झाला. दुसरा पोऱ्याच राहिला आणि लोकांनी त्याला लबाड ठरवलं. नाइटचा जर्मन भाऊ 'क्नेख्त' तर अजूनही गडीच आहे.

पत्त्यांत आपण ज्याला गुलाम म्हणतो, तो हाच नेव्ह. डिकन्सच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'मध्ये गरीब पिप या पत्त्याला 'जॅक' म्हणतो, तेव्हा एस्टेला त्याच्या अडाणीपणाला हसते. घरंदाज माणसं तेव्हा 'नेव्ह' म्हणत. पुढे पत्त्यांच्या कोपऱ्यांत अक्षरं छापायची पद्धत आली. राजाचा 'के' आणि नेव्हचा 'के-एन' यांत घोळ होऊ लागला, म्हणून जॅकचा 'जे' सोयीचा ठरला. बुद्धिबळाच्या पटावरही तेच. चालींच्या इंग्रजी नोंदीत 'के' राजाला गेल्यामुळे घोड्यासाठी, म्हणजे नाइटसाठी, 'एन' लिहावा लागतो. तात्पर्य, समोर राजा असेल तर आपलं पहिलं अक्षर मुकाट्यानं देऊन टाकावं. नाहीतरी ते बोलत नव्हतंच.

पायरी ४ : जुळ्यांपासून सावध राहा

'के' गप्प बसल्यामुळे इंग्रजीत पुष्कळ तोतये निर्माण झाले आहेत. नमुन्यादाखल काही :

'नाइट' म्हणजे सरदार आणि रात्रही. घोड्यावर बसलेला दिसला तर सरदार समजावा.

'नीड' म्हणजे कणीक मळणं आणि गरज. स्वयंपाकघरात दोन्ही अर्थ एकदम लागू पडतात.

'निट' म्हणजे विणणं, पण 'के' काढला की उवेची लीख. स्वेटर विणणाऱ्या मावशींना इंग्रजीतून पत्र लिहिताना स्पेलिंग दोनदा तपासावं.

'नॉट' म्हणजे नकार आणि गाठही. चक्रीवादळाच्या बातमीत वाऱ्याचा वेग नॉटमध्ये सांगतात, तो गाठीचाच. पूर्वी जहाजावरून, ठरावीक अंतरावर गाठी मारलेली दोरी पाण्यात सोडत. वाळूचं घड्याळ उलटत आणि ते रिकामं होईपर्यंत खलाशाच्या हातातून किती गाठी सरकल्या ते मोजत. त्यावरून एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, अर्थात १.८५२ किलोमीटर.

सगळ्यांत घातक जोडी मात्र 'नो' आणि 'नो'. "साहेबांची बदली झाली, ठाऊक आहे का?" असं फोनवर विचारल्यावर पलीकडून नुसतं "नो" आलं, तर तो जाणता आहे की अजाण हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. अशा वेळी सरळ मराठीत विचारावं.

पायरी ५ : कपडे

शाळेत आपण जी निकर घालायचो, तिच्याही मागे हा 'के' उभा आहे. १८०९ साली वॉशिंग्टन अर्व्हिंग या अमेरिकन लेखकानं डीड्रिख निकरबॉकर असं डच टोपणनाव घेऊन न्यूयॉर्कचा विनोदी इतिहास लिहिला. त्याच्या पुढच्या एका आवृत्तीतल्या चित्रांत डच मंडळी गुडघ्याशी चुण्या पडलेल्या ढगळ विजारी घालून होती. विजारींना निकरबॉकर म्हणू लागले, त्याचं निकर्स झालं आणि निकर म्हणून ती आपल्या दोरीवर वाळत पडली. मूळ डच नावात 'क' चांगला ऐकू येतो. आपण तो बोलत नाही आणि लिहीतही नाही. या एका बाबतीत मराठी माणसानं इंग्रजांपेक्षा अधिक शहाणपण दाखवलं, हे अभिमानानं नमूद करावं लागेल.

शंका-समाधान

*प्रश्न : हा प्राणी कधीच बोलत नाही का?*

बोलतो. नॉलेजमध्ये मुका असलेला 'क' ॲक्नॉलेजमेंटमध्ये स्पष्ट ऐकू येतो. यावरून सरकारी कचेऱ्यांच्या रसिकांना कळेल, की नुसत्या ज्ञानाला कुणी विचारत नाही, अर्जाची पोच हातात पडली की त्याला कंठ फुटतो.

*प्रश्न : माणसांच्या नावांतही गप्प बसवावा का?*

मालकाला विचारावं. संगणकशास्त्रातले डोनल्ड कनूथ आपल्या नावातला 'क' उच्चारतात, नॉर्वेतले क्नुट नावाचे लोकही उच्चारतात आणि इस्रायलच्या संसदेच्या 'क्नेसेट' या नावातही तो ऐकू येतो.

*प्रश्न : इतका खटाटोप करण्यापेक्षा इंग्रज 'के' काढून का टाकत नाहीत?*

हा प्रश्न विचारण्याआधी आपण आपला 'ज्ञ' कसा बोलतो ते पाहावं.

अंतिम सूचना

इंग्रजांचं 'नो' आणि आपलं 'ज्ञा' एकाच घराण्यातले. 'डायग्नोसिस' आणि 'इग्नोर' हे त्यांचेच चुलत-मावस नातलग, त्यांच्यातला 'ग' अजून शाबूत आहे. ही जोडाक्षरं जिभेला पहिल्यापासूनच जड. इंग्रजांनी 'क' सोडला. आपण 'ज्ञा'वरून 'जाण' आणि 'जाणता' केलं, म्हणजे ओझं उतरवलंच. आणि 'ज्ञ' तसाच ठेवला तिथे काय केलं? लिहिताना ज् आणि ञ, पण हिंदीभाषक म्हणतो 'ग्य', गुजराती म्हणतो 'ग्न' आणि आपण म्हणतो 'द्न्य'. त्यात 'द' कुठून आला, असं आमच्या बाईंनी विचारलं असतं तर पुस्तकात बोट ठेवून दाखवायलाही जागा नव्हती. इंग्रज लिहिलेलं बोलत नाहीत, आपण न लिहिलेलं बोलतो.

माझ्या एका भाच्याचं नाव 'ज्ञ'नं सुरू होतं. आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे पासपोर्टवर ते 'डी-एन-वाय' असं आहे. लंडनमध्ये एका काउंटरवर बाई त्याचं नाव पुकारायला लागल्या. 'डिन्या', 'डायना', 'डनी' असे तीन प्रयत्न झाले. मागे रांग वाढत होती. शेवटी त्यांनी अदबीनं विचारलं, "'डी' सायलेंट धरू का?"

भाच्यानं मागे वळून रांगेकडे पाहिलं आणि म्हणाला, "धरा."

कुणी सांगावं, सतराव्या शतकात 'क' गेला तोही असाच, मागे रांग खोळंबली म्हणून गेला असेल. फॉर्मवर मात्र 'डी' जागच्या जागी राहिला. कशासाठी, ते आमच्या बाईंनी पाचवीतच सांगून ठेवलं आहे.