टीडीएसकाका

आमच्या सोसायटीत आल्यागेल्याला पाणी द्यायची पद्धत आहे आणि टीडीएसकाकांना ते तपासायची सवय. पेला हातात आला की खिशातून टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजणारं थर्मामीटरसारखं पेन निघतं, पाण्यात बुडतं, आणि डॉक्टरांनी शुगर सांगावी तशा आवाजात काका सांगतात, "एकशे चाळीस. सांभाळा हं." मग पेला तसाच टीपॉयवर.

त्यांच्या घरी आरओचं मशीन, त्यामुळे तिथला आकडा अठरा. मुलाचे बारावीचे टक्केही त्यांनी इतक्या लोकांना सांगितले नसतील. भारतीय मानकात ५०० पर्यंत चालतं, असं मी एकदा म्हणून पाहिलं. "चालतं वेगळं आणि चांगलं वेगळं," काका म्हणाले. आमच्या नळाला येणारं खडकवासला धरणाचं पाणी मुळातच कमी क्षारांचं. त्याला आरओ लावणं म्हणजे टकल्यानं हजामतीला नंबर लावणं. शिवाय ते पेन पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून आकडा काढतं. काविळीचे जंतू त्याच्या खिजगणतीतही नाहीत. (हे अर्थात मी मनातच म्हटलं.)

त्या अठराला चव म्हणून नाही. कॅल्शियम-मॅग्नेशियम गेलं की पाणी जिभेवरून नुसतं घसरतं. घोट घेतला की नाही, हे गळ्याला विचारावं लागतं. क्लोरीनचा वास घालवायला साधा कोळशाचा फिल्टरही पुरला असता. "अहो, पाणी फिक्कं लागतंय," काकू म्हणाल्या, तेव्हा मेकॅनिक आला आणि त्यानं मशीनमधला एक स्क्रू जरासा पिळला. तो पिळला की क्षारांचं थोडं पाणी परत मिसळतं. आधी क्षार काढायचे पैसे, मग घालायचे! आकडा साठावर गेला. काकांना रात्रभर झोप नाही. सकाळी स्क्रू होता तिथं.

काकूंनी वाद घातला नाही. ओट्याच्या कोपऱ्यात माठ आला. त्यात नळाचंच पाणी, उकळून गार केलेलं, आणि वाळ्याची जुडी. मशीनच्या नळीतून पेल्यामागे दोन-तीन पेले वाया जातात, ते बादलीत धरून त्या फरशी पुसतात.

परवा एका मुंजीत पंगतीला मठ्ठा आला. सवयीनं पेन बुडालं. आकडा चार अंकी! काकांनी पेन रुमालानं पुसलं, खिशात ठेवलं आणि वाढप्याला म्हणाले, "जग इथंच ठेव."