पडला की पाडला? रत्नागिरीतील वादेच्छूंसाठी मार्गदर्शिका

रत्नागिरीत फुटबॉल खेळला जातो त्यापेक्षा जास्त पाहिला जातो आणि पाहिला जातो त्यापेक्षा कितीतरी जास्त बोलला जातो. कोल्हापुरासारखे पेठापेठांतले तालमींचे संघ आपल्याकडे नाहीत. पाटाकडील विरुद्ध दिलबहार म्हटल्यावर तिथलं शाहू स्टेडियम जसं भरतं, तसं आपलं मारुती मंदिरचं शिवाजी स्टेडियम फुटबॉलसाठी भरल्याचं निदान माझ्या तरी ऐकिवात नाही. तरीही मँचेस्टर, माद्रिद आणि बार्सिलोना इथल्या घरगुती भानगडींची खडान्‌खडा माहिती असलेली माणसं साळवी स्टॉपपासून मांडवीपर्यंत कुठेही भेटतात. त्यांचा सर्वांत लाडका विषय ठरलेला आहे. कुठल्याशा मोठ्या क्लबात एक अठरा-एकोणीस वर्षांचं पोरगं अचानक चमकतं, आणि चार महिन्यांत बभ्रा होतो की पोरगं गुणी आहे, पण वाऱ्याने पडतं. मग तो खरंच मोठा होणार की नुसता लोळणार, यावर चहाच्या टपरीवर दोन तट पडतात. या वादाला शिस्त नाही, हे ध्यानात घेऊन पुढील सूचना जनहितार्थ देत आहोत.

पात्रता

वाद घालणारा फुटबॉल खेळलेला असण्याची अट नाही. खेळलेला नसल्यास प्राधान्य. खेळलेल्या माणसाला घोट्यावर बूट बसल्यावर काय होतं ते आठवतं आणि ऐन वादात त्याचा आवाज खाली येतो.

कबड्डी मात्र पाहिलेली असावी. ही अट आपल्या जिल्ह्यात आपोआप पूर्ण होते. चढाईवाला ‘लागलं’ म्हणतो, कोपऱ्यातला ‘नाही लागलं’ म्हणतो, पंच दोघांच्या तोंडाकडे बघतो आणि रेषेबाहेर उकिडवे बसलेले शंभर जण निकाल देऊन मोकळे होतात. हे ज्याने शाळेत असल्यापासून पाहिलं आहे त्याला युरोपातलं काहीच नवीन नाही. फरक इतकाच, की कबड्डीत लागलेला नाकारतो आणि फुटबॉलमध्ये न लागलेला कबूल करतो.

खेळाडूची निवड

खेळाडू कोवळा हवा. तिशीतला चालत नाही, त्याच्यावर वाद रंगत नाही. २००२च्या वर्ल्ड कपमध्ये तुर्कस्तानविरुद्ध कोपऱ्यावर उभ्या असलेल्या रिवाल्डोच्या मांडीवर चेंडू आपटला आणि तो तोंड धरून खाली कोसळला. चेंडू मारणाऱ्याला लाल कार्ड मिळालं. रिवाल्डोला पुढे दंड झाला, ब्राझीलने वर्ल्ड कप नेला आणि विषय संपला. मांडी कुठे आणि तोंड कुठे, यावर दोन मतं कशी व्हायची?

नवशिक्यांनी सरावासाठी अदनान यानुझाय घ्यावा. जन्म ब्रसेल्सचा. मँचेस्टर युनायटेडमध्ये फर्ग्युसनसाहेब निवृत्त होऊन डेव्हिड मोयेस आले आणि घर फिरलं तसे वासेही फिरले, तो २०१३चा हंगाम. ५ ऑक्टोबरला सुंदरलंडच्या मैदानात या अठरा वर्षांच्या मुलाला लीगमध्ये पहिल्यांदा सुरुवातीपासून उतरवलं आणि त्याने दोन गोल करून मागे पडलेला सामना २-१ असा फिरवला. लगेच त्याला इंग्लंडकडून खेळवता येईल का, याचीही चर्चा सुरू झाली. त्याच हंगामात खोटं पडल्याबद्दल त्याला एकाहून अधिक पिवळी कार्डं मिळाली. म्हणजे कौतुक आणि बोभाटा एकाच पावसात उगवले. अभ्यासाला यापेक्षा चांगलं उदाहरण नाही.

ज्योतिषाची आवड असलेल्यांसाठी एक पुरवणी. यानुझायचा जन्म ५ फेब्रुवारी १९९५चा. नेमार ५ फेब्रुवारी १९९२चा. ख्रिस्तियानो रोनाल्डो ५ फेब्रुवारी १९८५चा. तिघेही बाजूने पळणारे, तिघेही लहान वयात नावाजलेले आणि तिघांवरही पडण्याचा आरोप. आपल्या पंचांगाप्रमाणे या तारखेला रवी मकरेत असतो. त्यापुढचं फलित ज्याचं त्याने काढावं. टपरीवर हा मुद्दा काढल्यास पुढची वीस मिनिटं फुटबॉलचा विषय निघत नाही, असा अनुभव आहे.

नियम वाचू नयेत

हे कळकळीने सांगत आहोत. नियम वाचल्याने वाद आखडतो. उदाहरणार्थ, आपल्याकडची सर्वांत खणखणीत वाक्यं दोनच. एक, ‘टच होता रे मेल्या, टच होता!’ आणि दुसरं, ‘टचच नव्हता, पेनल्टी कसली?’ नियम क्रमांक १२ उघडून बसलं तर दोन्ही वाक्यं निकामी होतात. फुटबॉल हा अंगाला अंग लागण्याचाच खेळ आहे. नुसतं लागलं म्हणून फाउल होत नाही. बेफिकिरीने, बेदरकारपणे किंवा वाजवीपेक्षा जास्त जोराने लागलं तर होतो. उलट लाथ घालण्याचा, पाय अडकवण्याचा नुसता प्रयत्नसुद्धा नियमाप्रमाणे फाउल ठरू शकतो. म्हणजे समोरून घसरत येणारा बूट पाहून एखाद्याने उडी मारली आणि तो पडला, तर टच नसतानाही फाउल असू शकतो आणि पडलेला निर्दोष असू शकतो. त्यातही तिसरी शक्यता उरते. पाय घसरला, तोल गेला, पडला. फाउल नाही आणि नाटकही नाही, खेळ चालू. रेफ्रीला फसवण्यासाठी पडला तरच पिवळं कार्ड. आता इतक्या शक्यता डोक्यात ठेवून कोणी आवाज चढवू शकेल का?

व्हीएआरची, म्हणजे व्हिडिओ पाहून निर्णय तपासण्याच्या सोयीची, बाजूही अशीच. ‘एवढे कॅमेरे आहेत, मग कसा सुटला?’ हा प्रश्न विचारण्यापूर्वी हे माहीत करून घेऊ नये की २०१८च्या वर्ल्ड कपमध्ये ही सोय आली ती गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि भलत्यालाच दिलेलं कार्ड एवढ्या चार गोष्टींपुरती. मैदानाच्या मध्यावर कोणी कितीही कोलांट्या खाल्ल्या तरी व्हीएआरला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

गुणदान

या शहराला राज्य नाट्य स्पर्धेची सवय आहे. नाटक सुरू होण्याआधीच निकाल ठाऊक असलेले प्रेक्षक आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तयार होतात. तीच दृष्टी इथे वापरावी. पडणाऱ्याचा आंगिक अभिनय पाहावा. खरोखर अडखळलेल्या माणसाचे हात जमिनीकडे जातात, कारण तोंड वाचवायचं असतं. फसवणाऱ्याचे हात बऱ्याचदा आकाशाकडे जातात, पाठ धनुष्यासारखी वाकते, आणि पडता पडता मान रेफ्रीकडे वळते. वाचिक अभिनय टीव्हीवर ऐकू येत नाही, त्याचे गुण सरासरीने द्यावेत. विश्रांतीनंतरचा अंक महत्त्वाचा: जादूचा फवारा मारल्यावर किती सेकंदांत पळू लागला?

यात नेमारला तोड नाही. २०१८ साली रशियात तो सर्बियाविरुद्ध असा काही गडगडला की जगभर पोरांनी शाळेच्या मैदानात त्याची नक्कल केली. आधी २२ जूनला कोस्टा रिकाविरुद्ध बॉक्समध्ये मागे कलंडून त्याने पेनल्टी मिळवली होती, ती रेफ्रीने स्क्रीन पाहून परत घेतली. आपल्याकडे तो सामना संध्याकाळी साडेपाचला होता. जून महिना, संध्याकाळ आणि कोकण, म्हणजे लाइटचं काही सांगता येत नाही. सूचना अशी की, लाइट गेल्यामुळे ज्याने प्रसंग पाहिलाच नाही त्याने माघार घेऊ नये. पाहिलेल्याला थोडीफार शंका असते. न पाहिलेला ठाम असतो.

पुरावा सादर करणे

मोबाइलवर क्लिप दाखवताना आधी ती पूर्ण वेगाने दाखवू नये. एकदम हळू करून दाखवावी. हळू केल्यावर नुसता घासून गेलेला बूटसुद्धा लाथेसारखा दिसतो आणि खरी लाथ कुरवाळल्यासारखी दिसते. आपल्याला जे हवं ते निवडावं. मग अंगठ्याने क्लिप थांबवावी. तडा गेलेल्या काचेखाली, अंगठ्याच्या बरोबर डावीकडे, जिथे घोटा आणि बूट भेटतात की भेटत नाहीत ती जागा येईल असं धरावं. समोरचा ‘अंगठा काढ’ म्हणाला की क्लिप पुढे सरकते, आणि मग ‘आता होता, आता दिसला असता’ असं म्हणता येतं. एवढ्यात टपरीवाला ‘भाऊ, कटिंगचे पैसे’ म्हणतो. हा व्यत्यय सोडल्यास ही पद्धत अचूक आहे.

प्रतिपक्षाचं काय करायचं

समोर एखादा शांत माणूस असतो. तो म्हणतो, ‘अहो, पण त्याला मारतात किती!’ याच्यापासून जपावं, कारण याच्याकडे आकडे असतात. रशियातल्या त्याच स्पर्धेत स्वित्झर्लंडविरुद्धच्या पहिल्या सामन्यात नेमारवर दहा फाउल झाले. १९९८ साली ट्युनिशियाविरुद्ध ॲलन शिअररवर अकरा झाले होते, त्यानंतर वर्ल्ड कपच्या एका सामन्यात एवढे कोणावरच झाले नव्हते. आणि तो माणूस तिथेच थांबला नाही तर २०१४वर येतो. ४ जुलै, फोर्तालेझा, कोलंबियाविरुद्ध उपांत्यपूर्व सामना. त्यांच्या झुनिगाचा गुडघा मागून पाठीत बसला, नेमारच्या मणक्याचं हाड मोडलं. त्या धडकेबद्दल झुनिगाला कार्डसुद्धा दिसलं नाही. चार दिवसांनी नेमारशिवाय उतरलेल्या ब्राझीलला जर्मनीने ७-१ धुतलं.

इथे विनोद जरा बाजूला ठेवतो. चेंडू पायाला चिकटवून पळणाऱ्या पोराला थांबवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे त्याचा घोटा. रेफ्री प्रत्येक वेळी पाहत नाही, म्हणून पोरगं पडून दाखवायला शिकतं. पडून दाखवतं म्हणून रेफ्री पुढच्या खऱ्या लाथेवरही शिट्टी वाजवत नाही. मारणाऱ्याचं नाव कोणाच्या लक्षात राहत नाही, पडणाऱ्याचं मात्र आयुष्यभर चिकटतं. वाद ‘पडला की पाडला’ असा मांडणं हीच मुळात गफलत आहे. पुष्कळदा त्याला पाडलेलं असतं आणि वर तो पडलेलाही असतो. पण हे टपरीवर बोलू नये. लोक उठून जातात.

चढती की उतरती

आता मुख्य प्रश्न: पोरगं मोठं होणार का? याचं उत्तर आपण पडण्यावरून देतो, पण खरा क्रम उलटा आहे. रोनाल्डो २००३मध्ये अठराव्या वर्षी युनायटेडला आला तेव्हा त्यालाही हेच ऐकावं लागलं. २००६च्या वर्ल्ड कपमध्ये क्लबातला सोबती, पण त्या दिवशी समोरच्या इंग्लंड संघातला रूनी लाल कार्ड घेऊन बाहेर गेला आणि याने आपल्या बाकाकडे पाहून डोळा मिचकावला, तेव्हा तर इंग्लंडात त्याच्या नावाने शिमगा झाला. २००८मध्ये त्याने बॅलन डी’ऑर घेतला. जुन्या क्लिपा आहेत तिथेच आहेत, पण आता त्या कोण काढतं?

यानुझायला ती उंची गाठता आली नाही. २०१७मध्ये तो युनायटेड सोडून स्पेनला, रेआल सोसिएदादमध्ये गेला. २०१८च्या वर्ल्ड कपमध्ये बेल्जियमकडून त्याने एक सुंदर वळणदार गोल मारला आणि सामना १-० असा जिंकून दिला. समोर कोण होतं? इंग्लंड. तरीही टपरीवर त्याचं नाव काढलं की पहिलं वाक्य पडण्याचंच येतं. माझं मत स्पष्ट आहे. पोरगं किती वेळा पडलं ते लोक नंतर मोजतात; आधी ते किती वर चढलं ते पाहतात.

सुटायचं कसं, हे युर्गेन क्लिन्समनकडून शिकावं. १९९४मध्ये तो इंग्लंडात टॉटनहॅमला आला तोच ‘पडणारा’ अशी ख्याती घेऊन. शेफिल्डमधल्या पहिल्याच सामन्यात गोल केला आणि धावत जाऊन स्वतःच गवतावर पोटावर सूर मारला, मागून सगळा संघ. विषय हसण्यावारी गेला. आपल्या टपरीला मात्र असे खेळाडू परवडणारे नाहीत.

स्थानिक पुरवणी

या वादात आपलाही थोडा जीव गुंतलेला आहे, हे विसरू नये. २०२३ साली नेमार सौदीच्या अल हिलालकडे गेला आणि आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये अल हिलाल व मुंबई सिटी एकाच गटात आले. नेमार महाराष्ट्रात येणार! ६ नोव्हेंबरला नवी मुंबईत, डी. वाय. पाटील स्टेडियमवर. आणि १७ ऑक्टोबरला उरुग्वेविरुद्ध तो मैदानात खाली बसला. गुडघ्याचा लिगामेंट तुटला होता. ज्याने आयुष्यभर त्याच्या पडण्याला हसून घेतलं त्याला त्या दिवशी हसू आलं नाही. अल हिलाल आलं, २-० जिंकून गेलं. नेमार आला नाही.

शेवटची नोंद जमिनीबद्दल. आपल्या सड्यावर, जांभ्याच्या कातळावर जी पोरं फुटबॉल खेळतात त्यांच्यात खोटं पडणारा मी अजून पाहिलेला नाही. तिथे पडलं की गुडघ्याचं साल निघतं, त्यात लाल माती बसते आणि घरी आई आधी आयोडीन लावते, मग पाठीत धपाटा घालते. ही सगळी कला मऊ, पाणी मारलेल्या हिरवळीची आहे.

तेव्हा एक विनंती. सातासमुद्रापलीकडचा खेळाडू पडला की पाडला हे ज्यांना चहाचा कप हातात धरून पहिल्या नजरेत कळतं, अशा जाणकारांची आपल्या गावातल्या पोरांच्या सामन्यांना रेफ्री म्हणून फार गरज आहे. मानधन नाही. सकाळी सातला मैदानावर हजर राहावं आणि शिट्टी घरून आणावी.