पथकवाले सर

सर वर्षातले दहा महिने मराठी शिकवतात आणि दोन महिने भरारी पथकात असतात. खरं आयुष्य या दोन महिन्यांचंच, असं त्यांच्या चालण्यावरून वाटतं. एरवी स्टाफरूममध्ये पेंगणारा हा माणूस एप्रिलमध्ये, पारा ४२ वर गेलेला असताना, सफारी घालून आणि गळ्यात ओळखपत्र अडकवून जळगावहून निघतो. सोबत दुसऱ्या कॉलेजचे एक सर आणि मुलींच्या झडतीसाठी एक मॅडम. कुठल्या केंद्रावर जायचं ते गुप्त. ड्रायव्हरलासुद्धा सांगायचं नाही, असा सरांचा दंडक. त्यामुळे ड्रायव्हर दर फाट्यावर काच खाली करून विचारतो आणि सर मोठ्यानं सांगतात. केळीच्या ट्रकमागून रखडत एरंडोल जातं, पारोळ्याला चहा होतो. चहावाला म्हणतो, "सर, आज धुळं का?"

गाडी पांझरेच्या पुलावर येईस्तोवर केंद्रावर दारात रांगोळी काढायचीच काय ती बाकी असते. संडासामागचे कागद झाडून झालेले असतात. केंद्रप्रमुख फाटकात उभे. "अरे वा सर, असे अचानक?" आणि आतून कुठूनतरी शेवभाजीच्या तर्रीचा वास.

सर भ्रष्ट नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो. शेवभाजी ते कारवाई झाल्यावरच खातात. परीक्षेतल्या गैरप्रकारांना आळा घालणारा महाराष्ट्राचा १९८२ चा कायदा त्यांना पाठ आहे. वर्गात कवितेची ओळ चुकेल, कायद्याचं कलम चुकणार नाही.

त्यांचं दुःख वेगळंच आहे. मायक्रो झेरॉक्स आल्यापासून ते खिन्न असतात. पूर्वीची पोरं रात्र जागून बोटभर कागदावर मुंगीच्या अक्षरात अख्खं प्रकरण उतरवायची. आता आयत्या चिठ्ठ्या मिळतात, पोरं त्या उघडूनही बघत नाहीत. परवा एकाच्या मोज्यातून अशी चिठ्ठी निघाली. सरांनी चष्मा कपाळावर ढकलून ती वाचली आणि ते भडकले. "बाळा, प्रश्न चौथ्या युनिटवर आहे. हे दुसरं युनिट! कॉपी करायची तर निदान प्रश्न तरी वाचशील का नाही?"

"सर, ती मनी नही शे. वारामा उडीसनी उनी."

सरांनी वर पाहिलं. लाईट गेलेली, पंखा जागच्या जागी.

"मोज्यात?"

मग उपदेश. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ साली कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं, तेव्हापासून सरांच्या हाती हुकमाचा एक्का आला आहे. "असोद्याची ती माउली. तिला अक्षरओळख नव्हती. पण दुसऱ्याची एक तरी ओळ उचलली का तिनं?"

पोरगा अभ्यासात कच्चा, पण नेमकं एवढं त्याला माहीत होतं. "पण सर, लिहून सोपानदेवांनी घेतलं ना? मग आपल्याकडे रायटर चालतो का?"

सरांना उत्तर सुचेना. मॅडमनी तोंड खिडकीकडे वळवलं.

पकडण्यापेक्षा पकडल्यानंतरचा व्याप मोठा. उत्तरपत्रिका जप्त करायची, तिच्यावर वेळ टाकायची, चिठ्ठीवर पोराची सही घ्यायची, पर्यवेक्षकाचा अहवाल, केंद्रप्रमुखांचा शेरा, सगळं पाकिटात घालून सील. पोराला नवी कोरी उत्तरपत्रिका देऊन उरलेला पेपर लिहू द्यायचा. एवढा वेळ बाकीचा हॉल काय करतो ते विचारू नका. सर पाठमोरे असतात आणि पर्यवेक्षक फॉर्म शोधायला ऑफिसात गेलेला असतो.

शेवटी पोराचा जबाब. इथे मात्र सरांमधला मराठीचा प्राध्यापक जागा होतो. मागे एकानं 'मला पश्चाताप होत आहे' असं लिहिलं. त्यातला खाल्लेला 'त' सरांच्या जिव्हारी लागला, चिठ्ठी लागली नव्हती एवढा. तेव्हापासून ते खिशात एक नमुना बाळगतात. शुद्ध, वळणदार भाषेतला: 'क्षणिक मोहास बळी पडून, माझ्या हातून हे अनुचित कृत्य घडले.' पोरानं तो समोर ठेवायचा, बघून उतरवायचा, खाली सही करायची. मध्ये एखादा शब्द अडला तर सर स्वतः बोट ठेवून दाखवतात.

यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत पीएच.डी.च्या प्रबंधाला १० टक्क्यांपर्यंत साम्य माफ आहे, ६० टक्क्यांपुढे नोंदणीच रद्द. जबाबांना तसला नियम नाही, हे सरांचं नशीब. चौकशी समितीपुढे धुळे, साक्री, शिरपूर, चोपडा असा सगळीकडचा गठ्ठा येऊन पडतो. त्यात प्रत्येकाला मोह झालेला असतो तो क्षणिकच, आणि स्वल्पविरामासकट. एका पठ्ठ्यानं तर नमुन्याच्या तळाशी कंसात असलेलं 'येथे स्वतःचे नाव लिहावे' हेही वळणदार अक्षरात उतरवून दिलं होतं.