त्याला काय कळतंय!

बाप गेला त्या दिवशी त्याला मावशीकडे पाठवलं. तेरावा उरकल्यावर घरी आणलं आणि ‘बाबा गावाला गेलेत’ असं सांगितलं. वय 31, डाउन सिंड्रोम. थोरला असूनही अग्नी धाकट्याने दिला. घरात सगळ्यांचं एकच म्हणणं : त्याला काय कळतंय!

घर आमच्याच मजल्यावरचं, त्यामुळे पुढचं सगळं डोळ्यांदेखत झालं. तो कार्यशाळेत कागदी पिशव्या करायला जायचा, ते सुटलं. ताटात निम्मं अन्न राहायला लागलं. वडील कामावरून यायचे त्या वेळेला, रोज संध्याकाळी सातला, त्यांच्या चपला मांडीवर घेऊन तो दाराशी बसायचा. उठवायला गेलं की ओरडायचा, स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यायचा. एकदा आईच्या हाताला चावला. मग डॉक्टर. डॉक्टर आईशी बोलले, भावाशी बोलले, त्याच्याशी नाही. ‘या मुलांमध्ये असं होतंच’ म्हणाले आणि शांत करणारी गोळी लिहून दिली. दोन महिन्यांनी डोस वाढवला. ओरडणं थांबलं, लाळ गळायला लागली. सगळे म्हणाले, फरक पडला.

याला फरक म्हणायला मी तयार नाही. तो दुःखात होता, आणि आपण त्याला गप्प केलं.

त्याला असलेलं बौद्धिक अपंगत्व हा मनोविकार नाही. पण ते असलेल्या माणसाला मनोविकार होऊ शकतो, आणि इतरांपेक्षा जास्तच होतो. ग्लासगोमध्ये अशा 1,023 प्रौढांची तपासणी झाली. 2007 साली निष्कर्ष आले : वर्तनाच्या समस्या धरून 40.9 टक्के लोकांना मानसिक आरोग्याचा काही ना काही त्रास होता. तरी नैराश्य दिसलं की ‘मुळातच मंद आहे’, भीती दिसली की ‘हट्टी आहे’. अपंगत्वाच्या आड आजार झाकला जातो, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1982 मध्येच दाखवून दिलं होतं. चाळीस वर्षं उलटून गेली!

आणि ती गोळी? 2008 साली ‘लॅन्सेट’मध्ये एक चाचणी प्रसिद्ध झाली. बौद्धिक अपंगत्व असलेले, आक्रमक होणारे 86 जण. काहींना रिस्पेरिडोन, काहींना हॅलोपेरिडॉल ही मनोविकारावरची औषधं, काहींना औषधच नसलेली गोळी. चार आठवड्यांत तिन्ही गटांची आक्रमकता उतरली, आणि सगळ्यात जास्त उतरली ती औषध नसलेल्या गटाची. या औषधांची कधीच गरज नसते असं मी म्हणत नाही. खरा मनोविकार असेल तर ती द्यायलाच हवीत. पण निदान न करता, नुसतं गप्प बसवायला? नाही.

ज्याला सांगता येत नाही त्याचं दुखणं वागण्यातून बोलतं. थोबाडीत मारून घेणाऱ्याची दाढ आधी बघा, कान बघा. पोट साफ होतंय का विचारा. डाउन सिंड्रोम असेल तर थायरॉइड तपासाच. ते मंदावलं की माणूस उदास, सुस्त दिसतो. आणि विचारा, गेल्या वर्षात घरातून कोण गेलं? शीला हॉलिन्स या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञांनी आई किंवा वडील गमावलेल्या, बौद्धिक अपंगत्व असलेल्या 50 प्रौढांचा अभ्यास 1997 मध्ये मांडला. त्यांचं वागणं बिघडलं होतं, आणि सांभाळणाऱ्यांनी त्याचा संबंध मृत्यूशी लावलाच नव्हता. वडील गेल्याचं नुसत्या चित्रांतून, एकही शब्द न वापरता सांगणारं पुस्तक त्यांनी 1989 मध्येच काढलं होतं. इतकं सोपं साधन आपल्या किती दवाखान्यांत आहे?

आपल्याकडे कायदा आहे. 2017 चा मानसिक आरोग्य कायदा बौद्धिक अपंगत्वाला मनोविकार म्हणत नाही, ते बरोबरच आहे. पण त्याच कायद्याचं कलम 18 सरकारी किंवा सरकारी निधीवर चालणाऱ्या सेवांमधून मानसिक उपचारांचा हक्क प्रत्येक व्यक्तीला देतं आणि अपंगत्वावरून भेदभाव करायला मनाई करतं. ‘मतिमंद आहे, आमच्याकडे नको’ असं सांगून तिथे कुणी परत पाठवत असेल तर आईबापांनी हे कलम त्याच्यासमोर धरावं.

त्याची आई, आमच्या वहिनी, शेवटी त्याला घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे गेल्या. या बाईंनी खुर्ची उचलून त्याच्यासमोर ठेवली आणि त्यालाच विचारलं, ‘तुला काय होतंय?’ बराच वेळ गेला. बाई थांबल्या. तो म्हणाला, ‘बाबा सातला येत नाहीत.’

त्या रात्री वहिनींनी त्याला खरं सांगितलं. दोघं रडले, आम्हाला भिंतीपलीकडे ऐकू येत होतं. पुढच्या रविवारी भाऊ त्याला नदीवर, जिथे अस्थी सोडल्या तिथे घेऊन गेला.

गोळी अजून बंद नाही, डॉक्टर हळूहळू कमी करताहेत. कार्यशाळेत तो आठवड्यातून दोन दिवस जातो. चपला दाराशीच आहेत. त्या उचलायच्या नाहीत, असं त्याने सांगून ठेवलंय.