निष्कर्ष दुसऱ्याकडे

बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या गावांत हुशार पोराचं पुढचं ठरलेलं असे: स्पर्धा परीक्षा, नाहीतर एमआयडीसी, नाहीतर बापाचा ऊस. आता चौथा प्रकार निघालाय. हा पुण्याला जातो, जपानी शिकतो, ‘एन-२’ पास होतो, मालिका बघता बघता कोरियनही उचलतो आणि धड चाललेली नोकरी सोडून भवानीनगरला परत येतो. करतो काय? टोकियो-सोलच्या प्राध्यापकांचे मानसशास्त्रावरचे निबंध इंग्रजीत आणतो. गाव त्याला ‘जपान्या’ म्हणतं. कोरियन भाषेची दखल गावानं अजून घेतलेली नाही.

तिकडे सकाळचे ९ वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेपाच, म्हणजे डेअरीला दूध घालायची वेळ. एका हातात किटली, दुसऱ्या हातात फोन, आणि फोनवर कुणाला तरी भयंकर घाई. शेतीपंपाची लाइट रात्रीची असली की उसाला दारं धरता धरता मोबाइलवर प्रूफ वाचून होतं.

वडिलांना हा धंदा पटलेला नाही. ‘माल दिसत न्हाई, गाडी भरत न्हाई, काटा होत न्हाई, मग पैसं कशाचं?’ जपानी मजकुराचे पैसे अक्षरं मोजून मिळतात, हे कळल्यापासून मात्र ते अधूनमधून सुचवतात, ‘जरा सविस्तर लिवा म्हणावं त्यान्ला.’

खरं तर बारामतीला हे काम नवं नाही. मोरोपंतांनी इथंच बसून महाभारत आर्येत आणलं, आणि १०८ रामायणं रचली म्हणतात. त्यातल्या एकात तर प-फ-ब-भ-म वर्ज्य. पण पंतांना बाबूजी नाईकांचा आश्रय होता. याला एजन्सी दोन महिन्यांनी पैसे पाठवते, तेही आठवण केल्यावर.

जपान्याचं खरं दुखणं निराळंच आहे. घाईचा निबंध आला की एजन्सी त्याचे तुकडे करून तिघाचौघांत वाटते. याच्या वाट्याला हमखास ‘संशोधन पद्धती’ येते, ‘निष्कर्ष’ दुसऱ्याकडे. त्यामुळे विद्यार्थ्यांना कसं निवडलं, कुठल्या खोलीत बसवलं, कोणती चित्रं दाखवली, हे सगळं त्याला तोंडपाठ. पुढं काय झालं, देव जाणे. तरी टपरीवर सल्ला चालूच असतो. कुणी म्हणालं, पोरगं दहावी झाल्यापासून खोलीबाहेरच येत नाही, की हा जपानातल्या हिकिकोमोरींवर अर्धा तास बोलतो. चहा गार होतो. शेवटी बाप विचारतो, ‘मग आता करायचं काय?’

‘ते दुसऱ्या फाइलीत होतं, काका.’

एकदा त्यानं टपरीवर एक जुनी प्रश्नावली काढली. ‘मला अनेकदा एकटं वाटतं’: अजिबात पटत नसेल तर १, पूर्ण पटत असेल तर ५. सगळ्यांनी ३ लिहिले. जपान्या हरखला. जपानी विद्यार्थी अमेरिकनांपेक्षा मधला आकडा जास्त निवडतात, असं चेन, ली आणि स्टीव्हनसन यांनी १९९५ सालीच दाखवलंय. (हा निष्कर्ष त्याला माहीत, कारण तो कुणाच्या तरी ‘पद्धती’त आला होता.) त्यासाठी त्यांना जपानातल्या सेंदाईपर्यंत जायची काय गरज होती, कोण जाणे. २०२४ च्या लोकसभेला, नणंद-भावजयीच्या लढतीत, चारचौघांत मत विचारल्यावर आमचा माणूस काय म्हणायचा? ‘बघू.’ तोच हा ३.

हल्ली एजन्सी मशीननं केलेलं भाषांतर पाठवून ‘फक्त तपासा’ म्हणते आणि दर पाडते. गाव विचारतं, मशीन करतंय तर तू काय करतोस? त्याचं उत्तर तयार असतं: हार्वेस्टरनं ऊस तोडला तरी मागं पडलेल्या कांड्या वेचायला माणूस लागतोच. हे उत्तर वडिलांनाही पटलं. दर पाडल्याचं पटलं नाही. दराचं आंदोलन कुठं करायचं, टोकियोत की सोलमध्ये, एवढंच ते विचारत असतात.

सध्या त्याच्यासाठी स्थळं बघताहेत. पोरगा निर्व्यसनी, जमीन बागायती, तीन देशांच्या मनाचं ज्ञान, अर्धवट का होईना. मला विचाराल तर पाचपैकी ४. एक गुण पगाराच्या तारखेचा कापलाय.