पश्चिमेची भिंत आणि कलम ४३

घरात आतून काय वाटेल ते करा, कायदा डोकावणार नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मधलं कलम ४३ इतकं उदार आहे. डागडुजी, सुधारणा किंवा फेरफार फक्त आतल्या अंगाला होत असेल, किंवा त्यानं इमारतीच्या बाह्य स्वरूपात फारसा फरक पडत नसेल, तर परवानगीची गरज नाही. म्हणजे आत माणूस शिजला तरी हरकत नाही, बाहेरून घर होतं तसं दिसलं पाहिजे.

परभणीत वसमत रोडवरच्या आमच्या एका शेजाऱ्यांनी हे कलम फारच मनावर घेतलं. त्यांची पश्चिमेची भिंत सहा इंची. दुपारी तीनपासून ती ऊन पिते आणि मध्यरात्र उलटेपर्यंत घरात ओकत बसते. एप्रिल-मेमध्ये पारा चव्वेचाळीसच्या पुढे गेला की घरातली माणसं गच्चीवर आणि भिंत एकटी घरात, अशी वाटणी होते. त्यांनी ठरवलं, भिंतीला बाहेरून दोन इंची थर्माकोल चिकटवायचा, वर जाळी, वर गिलावा. इथपर्यंत ठीक होतं. पण माणूस सरळमार्गी, म्हणून आधी महापालिकेत विचारायला गेला.

"आतून करायलात का बाहेरून?"

"बाहेरून."

"मग बाह्य स्वरूप बदलायलंय."

"साहेब, पिवळा रंग होता, पिवळाच देतो."

"पण भिंत जाड व्हायली ना! सामासिक अंतरात, म्हणजे हद्दीपासून मोकळ्या सोडायच्या जागेत, दोन इंच आलात तुम्ही."

"अन् खिडकीला कूलर लावला तर?"

"लावा की. कूलरला कोण विचारतं?"

परभणीची कुठलीही गल्ली बघा. लोखंडी स्टँडवर दोन-दोन फूट बाहेर आलेले कूलर, खाली ठिबकणारं पाणी, त्याखालून मान वाकवून जाणारी माणसं. ही सोय. थर्माकोलचे दोन इंच मात्र अतिक्रमण.

बरं, भिंत मुळातच जाड बांधावी म्हटलं तर तिथं चटई क्षेत्र आडवं येतं. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई वगैरे वगळून जवळजवळ सगळ्या राज्याला एकच विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. तिच्यात बांधकामाची मोजणी होते बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत, त्यामुळे भिंतही चटईतच धरली जाते. आपल्या आजोबांचं माळवदाचं घर पांढऱ्या मातीच्या दोन फुटी भिंतीचं असायचं. तसं १८ बाय २५ फुटांचं घर आज बांधलं तर साडेचारशे चौरस फुटांतले दीडशेहून जास्त भिंतीतच जातील. सहा इंची भिंतीत बेचाळीस जातात. मग कोण बांधतो जाड भिंत? आजोबांना चटई क्षेत्र ठाऊक नव्हतं, म्हणून ते दुपारी झोपू शकले. शेतातल्या कोठ्यावर तर तुराट्यांचा कूड आणि त्यावर शेणमातीचा लेप, ना नकाशा ना शिक्का.

सरकारला उष्णता ठाऊकच नाही असं मात्र म्हणता येणार नाही. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोनं डिसेंबर २०१८ मध्ये घरांसाठी 'इको-निवास संहिता' काढली. (त्याच महिन्यात परभणीत पारा दोन-तीन अंशांवर उतरला होता आणि आम्ही शेकोटीभोवती होतो, त्यामुळे वाचायची राहून गेली.) घराच्या भिंती-खिडक्यांतून दर चौरस मीटरला सरासरी १५ वॉटहून जास्त उष्णता आत येऊ नये, असं ती सांगते. पण तेव्हा तिनं बघितले ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठे भूखंड, म्हणजे साधारण पाच गुंठे. दीड गुंठेवाल्याला भाजून निघायची पूर्ण मुभा आहे. राज्याच्या नियमावलीत हरित इमारतीला बक्षीसही आहे: ३ ते ७ टक्के जादा बांधकाम. पर्यावरण राखलंत, शाब्बास, आता आणखी थोडं सिमेंट ओता.

'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आपण छाती फुगवून म्हणतो, तर जर्मनीकडेही जरा बघू. बर्लिनच्या कायद्यानुसार शेजाऱ्यानं जुन्या भिंतीला बाहेरून उष्णतारोधक थर लावला आणि तो आपल्या हद्दीत आला, तर तो सोसावा लागतो. २०२२ च्या जुलैमध्ये तिथल्या संघीय न्यायालयानं हा नियम उचलून धरला. त्या खटल्यातला थर होता १६ सेंटिमीटरचा, वीतभरही नाही. हा कायदा आपल्याकडे मात्र नको. बांध कोरण्यात हयात गेलेली आमची भावकी थर्माकोलच्या नावाखाली न्हाणीघर उभं करील आणि वर म्हणेल, सोसा.

ब्रिटनमध्ये लावलेला थर मूळ घरासारखा दिसत असेल तर सहसा वेगळी नियोजन परवानगी लागत नाही. पण त्याच देशात जून २०१७ मध्ये लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला आग लागली, बाहेरच्या ज्वलनशील आवरणावरून ती वर चढत गेली आणि ७२ माणसं गेली. थर्माकोलही जळतो. तेव्हा आमच्या शेजाऱ्यांना कुणी "हे पेट घेतं का?" असं विचारलं असतं, तर मी स्वतः त्या साहेबांना चहा पाजला असता. विचारलं ते सामासिक अंतर.

शेजाऱ्यांनी शेवटी थर्माकोलचा नाद सोडला. पश्चिमेच्या भिंतीपासून हातभर अंतरावर बांबू रोवले आणि त्यावर एका नेत्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांचा भिंतभर फ्लेक्स ताणला. ऊन नेत्याच्या चेहऱ्यावर, मधून वारा खेळतो, भिंत गार. बाह्य स्वरूप पार दिसेनासं झालं, पण कुणी काही विचारलं नाही. उलट दोघे जण थांबून फ्लेक्सला नमस्कार करून गेले. अडचण एवढीच की वाढदिवस वर्षातून एकदा आणि उन्हाळा चार महिने. मार्च आणि एप्रिलला जन्मलेले नेते त्यांना मिळालेत. मे महिन्यासाठी पाथरीपासून पालमपर्यंत चौकशी चालू आहे, पक्षाची अट नाही. जूनचं मृगावर सोडलंय.